उपयोगाचे वाचन आणि बिनउपयोगाची मैत्री

अलीकडे शिकल्यासवरल्या तरुणांत एक नवा पंथ निघाला आहे. मी त्याला उपयुक्तपंथ म्हणतो. या पंथाची दीक्षा घेतलेला माणूस पुस्तक उघडण्यापूर्वी विचारतो, "यातून मला काय मिळेल?" माणसाशी बोलण्यापूर्वीही तो हेच विचारतो, फक्त मनातल्या मनात! हिंजवडीच्या आणि खराडीच्या संगणक-कचेऱ्यांतून या पंथाचे मठ चांगलेच भरभराटीला आले आहेत.

'संगणकवाले काही वाचतच नाहीत' अशी हाकाटी करणाऱ्या साहित्यिकांच्या टोळीत मी नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या शाळेतून गेलेली कितीतरी मुले या कचेऱ्यांत आहेत आणि ती वाचतात. पण काय वाचतात? पहाटे किती वाजता उठावे, साहेबाचे मन कसे जिंकावे, यशस्वी माणसे न्याहारीला काय खातात! कादंबरीचे नाव काढले, की "सर, वेळ कुठे आहे?" वाकडच्या कोंडीत रोज तास तास बसमध्ये अडकून पडणाऱ्याने वेळ नाही म्हणावे, याला काय म्हणावे? वेळ आहे, परवानगी नाही. आणि ती नाकारणारा साहेब त्यांच्याच डोक्यात बसलेला आहे.

"मास्तर, तुम्ही मॅट्रिक. आमच्या धंद्यातले तुम्हांला काय कळते?" असे कोणी म्हणेल. कबूल! म्हणून माझे राहू द्या. तुमच्याच धंद्यातल्या ऋषिमुनींची साक्ष काढतो. डोनाल्ड नूथ यांच्या ज्या महाग्रंथापुढे तुम्ही नमस्कार करता, त्याचा पहिला खंड 1968 साली निघाला. त्याच नूथनी 1974 साली एका तरुण जोडप्याची चिमुकली कादंबरी लिहिली. गणिताची खरी, पण कादंबरीच. 'पायथन' ही तुमची लाडकी संगणकभाषा 1991 साली जगापुढे आली. तिचे नाव अजगरावरून ठेवलेले नाही. ते ठेवले आहे इंग्लंडातल्या एका विनोदी मंडळींच्या दूरदर्शन-कार्यक्रमावरून! आपल्या घरातले उदाहरण हवे असेल तर जयंत नारळीकरांचे घ्या. 1974 साली या खगोलशास्त्रज्ञाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला टोपणनावाने गोष्ट पाठवली आणि बक्षीस मिळवले. यातून बढती किती मिळेल, याचा हिशेब त्यांनी मांडला असेल काय?

आता मैत्रीचे पाहा. 1969 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सोबती 'युनिक्स' रचायला बसले. रिचींनी पुढे लिहून ठेवले आहे, की त्यांना नुसती कामाची सोय नको होती. जिच्याभोवती माणसांचा सहवास जमेल अशी प्रणाली हवी होती. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलवर त्याच घराण्याचे संस्कार आहेत. म्हणजे ज्या यंत्रासाठी तुम्ही शेजारच्या टेबलावरचा माणूस विसरता, त्या यंत्राच्या मुळाशी सोबतीची ओढ होती!

माझ्या एका विद्यार्थ्याची नोकरी एका सकाळी गेली. दारावरचे कार्ड चालेना, एवढीच काय ती सूचना. सात वर्षे ज्यांच्याबरोबर चहा प्यायला त्या पंधराजणांपैकी चौदांनी 'वाईट वाटले' असा निरोप धाडला आणि ते गप्प झाले. त्यांचे तरी काय चुकले? बोलणे कामाचे होते. काम संपले, बोलणे संपले. पंधरावा मात्र संध्याकाळी घरी आला. दोघांत पुस्तकांची देवघेव होती, शेवटावरून कडाक्याची भांडणे होती. उसने नेलेले पुस्तक परत करायचे निमित्त काढून तो आला, आणि रात्री जेवूनच गेला. पुस्तकाने नोकरी परत मिळवून दिली नाही. ती रात्र मात्र निभावून नेली.

उपयुक्त पुस्तके जाळा, असे मी म्हणत नाही. ज्याच्या घराण्यात कोणी कचेरीची पायरी चढले नव्हते, अशा खेड्यातल्या मुलाला त्यांतून धीर मिळतो. तो मी पाहिला आहे. पण औषध ते औषध. बाटलीवर कोणी जेवण भागवत नाही. यशाची पुस्तके माणसाला दुसऱ्याच्या पुढे कसे जावे ते शिकवतात. दुसऱ्याच्या आत कसे जावे, हे गोष्टीच शिकवतात. आणि त्यावाचून मैत्री होत नाही, ओळख होते.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाबरोबर अंक येतो आणि तो एकट्याने कोणी वाचत नाही. तेव्हा तरुण मित्रांनो, सुट्टी संपवून परत जाताना आईने दिलेल्या चिवड्याच्या डब्याशेजारी एक अंक ठेवा. तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाला द्या. कारण सांगू नका. आठ दिवसांनी एवढेच विचारा, "कुठली गोष्ट आवडली नाही?" आणि मग खुशाल भांडा!