पॅटनची साक्ष

पंजाबातील खेमकरणजवळच्या असल उत्तर गावाच्या शिवारात सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचा गर्व मातीत गाडला गेला. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांच्या रणसंग्रामात उसाच्या फडांआड दबा धरून बसलेल्या भारतीय जवानांनी आणि पाणी सोडून मुद्दाम दलदल केलेल्या शेतांनी मिळून शत्रूची कोंडी केली. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानने येथे ९७ रणगाडे गमावले. त्यांत बहुसंख्या होती ती अजिंक्य म्हणून मिरवल्या जाणाऱ्या पॅटन रणगाड्यांची. काही जळाले, काही चिखलात रुतले, काही धडधाकट अवस्थेत सोडून चालकांनी पळ काढला. हे रणगाडे भिखीविंड येथे आणून ओळीने उभे केले गेले, तेव्हा लोकांनी त्या जागेचे नावच 'पॅटननगर' ठेवले.

त्यांतील कित्येक रणगाडे पुढे विजयचिन्हे म्हणून देशभरातील छावण्यांत आणि शहरांत गेले. अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालयातही हस्तगत पॅटन पाहावयास मिळतो. मुले त्याच्यासमोर छायाचित्रे काढून घेतात, वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात, "हा पाकिस्तानचा रणगाडा बरे! आपल्या जवानांनी पकडलेला."

हे सत्यच आहे, पण अर्धे सत्य आहे. पाकिस्तानने तो रणगाडा रणांगणात आणला. घडवला मात्र पाकिस्तानने नाही. तो अमेरिकेत घडला, एका अमेरिकी सेनापतीचे नाव धारण करून जगात आला आणि अमेरिकी करदात्याच्या पैशातून, मैत्रीची भेट म्हणून, पाकिस्तानच्या हाती पडला. हस्तगत केलेले प्रत्येक शस्त्र दोन साक्षी देत असते. एक आक्रमकाविरुद्ध आणि दुसरी त्याच्या हाती ते शस्त्र ठेवणाऱ्याविरुद्ध. भारताने पहिली साक्ष नेहमीच अभिमानाने ऐकली. दुसरीकडे मात्र वर्षानुवर्षे कानाडोळा केला. या कानाडोळ्याची किंमत राजधानीतील मुत्सद्द्यांनी कधी मोजली नाही. ती मोजली सीमेवरच्या जवानांनी, स्वतःच्या रक्ताने.

आश्वासनाचा कागद

अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी मदत देण्याचे ठरवले ते १९५४ साली. त्या वर्षी २४ फेब्रुवारीस अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून हा निर्णय कळवला. ही मदत भारताविरुद्ध नाही, असा त्या पत्राचा सूर होता. या मदतीचा दुरुपयोग करून कोणी दुसऱ्या देशावर आक्रमण केलेच, तर ते हाणून पाडण्यासाठी आपण तत्काळ योग्य ती कारवाई करू, अशी ग्वाही अध्यक्षांनी त्यात दिली होती. साम्यवादाला आळा घालणे एवढाच या शस्त्रपुरवठ्याचा हेतू असल्याचे जगाला सांगण्यात आले.

पुढच्या अकरा वर्षांत काय घडले? पॅटन व चॅफी रणगाडे, सेबर आणि स्टारफायटर विमाने यांचा ओघ पाकिस्तानकडे वाहत राहिला. साम्यवादाविरुद्ध त्यांतून एक गोळीही झाडली गेली नाही. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात पॅटन रणगाडे भारताविरुद्ध उतरले. भारताने निषेध नोंदवला. १ सप्टेंबरला तेच पॅटन छांब भागात घुसले. ग्वाहीचा कागद वॉशिंग्टनच्या दप्तरात होता, ग्वाही देणारे राष्ट्र जगातील सर्वांत बलाढ्य होते आणि आक्रमण उघड्यावर चालले होते. मग ती 'तत्काळ कारवाई' कोठे होती?

कारवाई झाली, परंतु ती मोठी विलक्षण होती. ८ सप्टेंबर १९६५ रोजी अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचीही लष्करी मदत थांबवली. ज्याने घर फोडले तो आणि ज्याचे घर फोडले तो, दोघांना एकाच दावणीला बांधण्यात आले. योगायोग असा की, असल उत्तरची लढाई पेटली ती त्याच दिवशी. आयझेनहॉवर यांच्या आश्वासनाचे पालन अखेर भारतीय जवानांनीच केले. आक्रमण हाणून पाडण्याचे जे वचन अमेरिकेच्या अध्यक्षाने दिले होते, ते असल उत्तरच्या मातीत आपल्या सैनिकांनी पुरे करून दाखवले!

यंत्र हरले, माणूस जिंकला

या लढाईत भारताकडे काय होते? ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्यांची एक रेजिमेंट होती. बाकी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शर्मन आणि हलके फ्रेंच एएमएक्स. पॅटनची ९० मि.मी. तोफ आणि तिची आधुनिक नेमयंत्रणा यांच्यापुढे शर्मनचा काय पाड? परंतु चौथ्या डिव्हिजनचे मेजर जनरल गुरबक्ष सिंग आणि चिलखती ब्रिगेडचे ब्रिगेडियर थिओगराज यांनी घोड्याच्या नालेच्या आकाराचा सापळा रचला आणि शत्रूला त्यात ओढून आणले. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी उघड्या जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक पॅटन टिपले आणि मातृभूमीसाठी देह ठेवला. तिकडे सियालकोट आघाडीवर फिल्लोरा जिंकणारे 'पूना हॉर्स'चे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. दोघेही मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. या भूमीला माता मानणारा कोणत्या पद्धतीने उपासना करतो, हे रणांगण विचारीत नाही.

काही विद्वानांना येथे एक आक्षेप सुचतो. पाकिस्तान अमेरिकी शस्त्रे घेऊनही हरलाच ना, मग तक्रार कशाची? हा आक्षेप वातानुकूलित खोलीत बसूनच घेता येतो. शस्त्र हरले म्हणून ते पुरवणाऱ्याचा दोष पुसला जात नाही. ज्या घरचा कर्ता पुरुष परतला नाही, त्या घराला हा युक्तिवाद ऐकवून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. अब्दुल हमीद यांची १०६ मि.मी. तोफही मूळ अमेरिकी बनावटीचीच होती, सेंच्युरियन ब्रिटनचा होता. मग भारताने कोणत्या तोंडाने बोलावे? होय, हे खरे आहे. आणि म्हणूनच प्रश्न केवळ पाकिस्तानच्या शस्त्रांचा नाही, तो भारताच्या परावलंबनाचाही आहे. परकी तोफ भारताच्या हाती असेल, तर तिचे सुटे भाग आणि दारूगोळा बंद करण्याची कळ परक्याच्या हाती राहते. ८ सप्टेंबर १९६५ च्या निर्णयाने नेमके हेच दाखवून दिले. सेबर विमानांना भारी पडलेली छोटी नॅट विमाने ब्रिटिश आराखड्याची असली, तरी ती बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार होत होती, ही गोष्ट त्या युद्धाच्या कथा सांगताना सहसा कोणी सांगत नाही.

नावे बदलली, रीत तीच

बंदी घालणाऱ्यांनी तरी ती पाळली काय? १९६६ साली पश्चिम जर्मनीच्या हवाईदलातील ९० सेबर विमाने इराणमार्गे पाकिस्तानात पोहोचली. १९७० मध्ये 'एकवेळचा अपवाद' म्हणून अमेरिकेने पुन्हा शस्त्रविक्रीचे दार उघडले. १९७१ मध्ये पूर्व बंगालात नरसंहार चालू असताना लष्करी साहित्य घेतलेली पाकिस्तानी जहाजे अमेरिकी बंदरांतून निघत होती, हे तेथील वृत्तपत्रांनीच उघडकीस आणले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉर्डनची अमेरिकी बनावटीची स्टारफायटर विमाने पाकिस्तानकडे वळवण्यास निक्सन-किसिंजर जोडीने उत्तेजन दिले. हे आता त्यांच्याच खुल्या झालेल्या कागदपत्रांत वाचावयास मिळते.

म्हणूनच १९७१ च्या रणांगणांवरही तीच साक्ष पुन्हा उमटली. गरीबपूरला मोडलेले चॅफी रणगाडे अमेरिकी होते. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबरला अवघ्या एकवीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी ज्यांच्याशी अखेरच्या श्वासापर्यंत झुंज दिली ते पॅटन अमेरिकी होते. विशाखापट्टणमच्या समुद्रतळाशी विसावलेली 'गाझी' ही मूळची अमेरिकी नौदलाची 'डियाब्लो' पाणबुडी. आणि लोंगेवालाच्या वाळूत रुतलेले टी-५९ रणगाडे होते चीनचे. पुरवठादारांच्या यादीत नवे नाव आले होते, एवढाच काय तो फरक.

२००६ साली दहशतवादविरोधी युद्धातील सहकारी म्हणून पाकिस्तानला नवी एफ-१६ विमाने देण्याचे ठरले आणि त्यांच्यासोबत अ‍ॅमराम ही हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रेही. दहशतवाद्यांकडे लढाऊ विमाने असतात काय, हा साधा प्रश्न विकणाऱ्याला पडला नाही. त्याचे उत्तर २८ फेब्रुवारी २०१९ रोजी मिळाले. बालाकोटनंतरच्या हवाई चकमकीत राजौरी भागात पडलेले अ‍ॅमरामचे अवशेष भारतीय हवाईदलाने त्या दिवशी पत्रकारांसमोर ठेवले. एवढे होऊनही २०२२ मध्ये याच एफ-१६ विमानांच्या देखभालीसाठी ४५ कोटी डॉलरच्या करारास अमेरिकेने मान्यता दिली.

मे २०२५ मधील 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी मुद्देमालाची यादी आणखी वाढली. पहलगाममध्ये २६ निरपराधांचे प्राण घेणाऱ्यांच्या पोशिंद्यांना धडा शिकवत असताना पाकिस्तानने ८ मेच्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले. प्राथमिक तपासणीत ते तुर्की बनावटीचे 'सोंगार' असल्याचे दिसून आले. पंजाबातील होशियारपूर भागात चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेष सापडले आणि १२ मे रोजी सैन्यदलांनी ते जगाला दाखवले. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ढिगाऱ्याखालून तुर्की जीव वाचवण्यासाठी भारताने एनडीआरएफची पथके आणि लष्कराचे फिरते रुग्णालय धाडले होते. त्या मोहिमेचे नाव होते 'ऑपरेशन दोस्त'. दोस्तीची परतफेड सव्वादोन वर्षांत आकाशातून झाली! चीनची तर गोष्टच वेगळी. २०२०-२४ या काळात पाकिस्तानने आयात केलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के चीनकडून आल्याचे स्टॉकहोमची सिप्री ही संस्था सांगते.

राजापूरचा धडा

शत्रूला शस्त्र पुरवणाऱ्याशी कसे वागावे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपली तोफ आणि दारूगोळा घेऊन तेथे गेले आणि स्वतःचे निशाण फडकवून त्यांनी गडावर मारा केला. म्हणायला ते केवळ व्यापारी होते. शिवछत्रपतींनी ही 'व्यापारी' सबब मानली नाही. १६६१ मध्ये त्यांनी राजापूरवर छापा घातला, वखार खणून काढली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. शत्रूच्या हाती शस्त्र देणारा हा शत्रूच्या कृत्यातील भागीदार होय, असा तो न्याय होता. महाराजांनी कायमचे वैर धरले नाही. १६७४ मध्ये त्यांनी इंग्रजांशी तह केला, व्यापारही होऊ दिला; परंतु तो डोळे उघडे ठेवून आणि स्वतःचे आरमार उभारून. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो सावधगिरीचा इशारा दिला, त्यामागे हाच अनुभव होता.

स्वतंत्र भारताला ही शिकवण उमगायला फार काळ लागला. मे २०२५ मध्ये भारतीय विमानतळांवर काम करणाऱ्या एका तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी काढून घेतली गेली, तेव्हा राजापूरच्या न्यायाची पुसटशी आठवण झाली. पण तो अपवाद न राहता धोरण झाले पाहिजे. शत्रूला शस्त्र देणाऱ्या देशाशी व्यापार, गुंतवणूक आणि पर्यटन पूर्वीप्रमाणेच चालू राहणार असेल, तर हस्तगत अवशेषांच्या प्रदर्शनाला अर्थ उरत नाही. सत्तेवर पक्ष कोणताही असो, हा हिशेब प्रत्येक सरकारने ठेवला पाहिजे.

आणि दुसरा हिशेब स्वतःशी मांडला पाहिजे. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने 'तेजस'च्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवरील संयुक्त काम बंद पाडले; आपल्या अभियंत्यांनी ते स्वबळावर पुरे केले. असे असूनही तेजससाठी २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ अमेरिकी इंजिनांपैकी पहिले हाती पडायला मार्च २०२५ उजाडला. विमान स्वदेशी, पण त्याचे हृदय परक्याच्या मर्जीवर! 'आकाश' क्षेपणास्त्राने आणि 'ब्रह्मोस'ने २०२५ मध्ये जो विश्वास दिला, तो इंजिनापर्यंत पोहोचेल तेव्हाच आत्मनिर्भरता हा शब्द पूर्ण होईल.

देशभरातील हस्तगत रणगाड्यांची रंगरंगोटी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास होत असते. त्या रंगासोबत एक काम आणखी व्हावे. प्रत्येक रणगाड्याखालच्या फलकावर तो कोणत्या लढाईत, कोणत्या पलटणीने पकडला हे लिहिलेले असावेच; पण तो कोणत्या देशाने घडवला आणि देताना भारताला कोणते वचन दिले होते, हेही लिहिलेले असावे. पुढच्या पिढीने पॅटनवर हात ठेवला, तर तिला जवानांच्या पराक्रमाबरोबर त्या मोडलेल्या वचनाचे पोलादही हाताला लागले पाहिजे. जो समाज शत्रूचे शस्त्र ओळखतो पण ते देणारा हात विसरतो, त्याच्या जवानांना तीच लढाई पुन्हा पुन्हा लढावी लागते.