जहाजाआधीची रात्र

गेल्या मोसमातली गोष्ट. आमच्या एका गटाला निरोप द्यायला मी बॅलार्ड पिअरला गेलो होतो. दुपारचे साडेतीन वाजले असतील. फाटकाशी दोन टॅक्स्या थांबल्या आणि सहा जणांचे कुटुंब घाईघाईने उतरले. आजी-आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडे. विदर्भातून रात्रीच्या गाडीने निघालेले. सकाळी पोहोचणारी गाडी वाटेतच अडकून पडली होती. चेक-इन केव्हाच बंद झाले होते. जहाज मात्र अजून धक्क्याला होते, वरच्या डेकवर फिरणारी माणसेही दिसत होती. धाकटी नात बापाचा हात ओढत म्हणत होती, "बाबा, बोट तर इथेच आहे, मग आपण का नाही जायचं?" आजोबा सुटकेसवर बसले होते आणि कोणाकडेच पाहत नव्हते.

त्यांच्या हातातला कार्यक्रम मी वाचायला मागून घेतला. 'दिवस पहिला : सकाळी मुंबईत आगमन, दुपारी जहाजावर प्रस्थान.' आपल्यातल्या बहुतेकांनी असा कागद कधी ना कधी ग्राहकाच्या हाती ठेवला आहे. मीही ठेवला आहे. दहा वेळा तो निभावून जातो. अकराव्या वेळी एखाद्या घराची साठवलेली पुंजी आणि हौस फाटकाबाहेर राहते. दिवाळीच्या सुट्टीची बुकिंग जोरात असताना सर्व सहल-नियोजकांपुढे म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी प्रवासी बंदराच्या शहरात मुक्कामाला असलाच पाहिजे, आणि त्या मुक्कामाची आखणी जहाजावरच्या दिवसांइतकीच मन लावून झाली पाहिजे.

"विमान तासभर रखडतं, मग जहाज दहा मिनिटं थांबलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न ग्राहक विचारतोच. त्याला नीट उत्तर देता आले पाहिजे. जहाज सुटण्याआधी प्रवाशांची अंतिम यादी अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. बंदरातून बाहेर काढणारा पायलट आणि टग ठरलेल्या वेळेला बोलावलेले असतात. पुढच्या बंदरातली वेळ आधीच बांधलेली असते. शिवाय सुरक्षेची कवायत असते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज कलंडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता प्रवाशांची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. म्हणून तिकिटावरची सुटण्याची वेळ आपल्या कामाची नाही. आपण धरायची ती चेक-इन बंद होण्याची वेळ, आणि कार्यक्रमात ठळक छापायची तीही हीच.

बॅलार्ड पिअरला एकेकाळी गाडी आणि बोट यांच्या वेळा जुळवण्याचे काम रेल्वे आणि बोट कंपन्या मिळून करीत. धक्क्यालगतच बॅलार्ड पिअर मोल नावाचे स्टेशन होते. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल मोसमात तिथून सुटे. विलायतेची बोट लागली की उतारू थेट गाडीत बसून दिल्ली-पेशावरकडे रवाना होत. बोट आणि गाडी यांची वेळ एकाच जोडणीत बसवलेली असे. ते स्टेशन आता राहिले नाही. आज गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर येते, विमान सांताक्रूझ-अंधेरीकडे किंवा नवी मुंबईत उतरते, बस दादरला सोडते, आणि जहाज मात्र बॅलार्ड पिअरलाच असते. यांना जोडणारा सांधा आता नियोजकाच्या टेबलावर तयार होतो. तो कच्चा राहिला तर सावरायला दुसरे कोणी नाही.

मुक्कामाची आखणी करताना मी सगळ्यात आधी तीन पोकळ्या शोधतो. पहिली, गाडीतून उतरल्यापासून हॉटेलची खोली मिळेपर्यंत. कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, नागपूरकडून येणारी विदर्भ या गाड्या सकाळी मुंबईत येतात आणि हॉटेलची खोली दुपारी मिळते. रात्रभर प्रवास केलेली सत्तरीची माणसे लॉबीतल्या सोफ्यावर पाच तास बसवून ठेवणे म्हणजे सहलीची सुरुवातच बिघडवणे. अर्ली चेक-इनचे पैसे कोटेशनमध्येच धरा. निदान अंघोळीपुरती एक खोली सकाळपासून मिळेल एवढे हॉटेलकडून लेखी घ्या. दुसरी पोकळी, दुसऱ्या दिवशी चेकआउटपासून जहाजावर चढेपर्यंत. तिसरी जवळजवळ सगळेच विसरतात. परतीच्या दिवशी माणसे सकाळीच जहाजातून उतरतात आणि गाडी रात्रीची असते. त्या दिवशी सामान कुठे ठेवायचे, दुपारी पाठ कुठे टेकायची, हे आधी ठरलेले हवे. पहिल्या रात्रीच्याच हॉटेलशी परतीच्या दिवसाचेही बोलून ठेवले तर सामान ठेवण्याची सोय सहज होते. या तीन पोकळ्या भरल्या की मुक्काम निम्मा आखून झाला.

हॉटेल निवडताना विमानतळाजवळचे स्वस्त दर पाहून भुलू नका. बंदर आहे फोर्टात. अंधेरीत रात्र काढली तर उरलेली जोखीम तशीच राहते, फक्त गाडीऐवजी रस्त्यावरच्या गर्दीची. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा परिसर किंवा कुलाबा, एवढ्यातच खोली बघा. तिथे दर चढे असतात, पण टॅक्सीचे भाडे, वेळ आणि धास्ती मिळून हिशेब केला तर फरक फारसा उरत नाही. मात्र एक गोष्ट स्वतः जाऊन पाहायची. फोर्टातल्या जुन्या इमारतींत कित्येक हॉटेले वरच्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट एवढी अरुंद की त्यात एक माणूस आणि एक सुटकेस मावते. काही ठिकाणी लिफ्टपर्यंत पोहोचायलाच पाच-सहा पायऱ्या आहेत. फोटोत हे दिसत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना ते पहिल्या मिनिटाला कळते.

वाहतुकीचे चित्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे, आणि जुन्या सवयीने काम करणारे नियोजक इथेच चुकतात. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. तिकिटावर नवी मुंबई आहे की मुंबई, हे वाचल्याशिवाय गाडी बुक करू नका. नवी मुंबईहून येताना जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि पुढे पूर्व मुक्त मार्ग धरला की वाहन थेट बंदराच्या बाजूला उतरते. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आणि ती मुंबई विमानतळाहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस व हुतात्मा चौकाला आणून सोडते. हलक्या सामानाच्या तरुण जोडप्यांना ती सोयीची आहे, पण चार मोठ्या बॅगा घेऊन निघालेल्या कुटुंबाला टॅक्सीच हवी. रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाही, हेही पाहुण्यांना आधी सांगा. स्टेशनबाहेर रिक्षा शोधत फिरणारी माणसे मी पाहिली आहेत.

आणखी एक गोंधळ कायमचा. 'क्रूझला जायचंय' म्हटले की काही टॅक्सीवाले भाऊच्या धक्क्याकडे गाडी वळवतात, कारण मांडव्याची रो-रो तिथूनच सुटते आणि २०१८ साली गोव्याला जाणाऱ्या 'आंग्रिया'साठी देशांतर्गत टर्मिनलही तिथेच झाले. मोठी क्रूझ जहाजे लागतात ती बॅलार्ड पिअरला. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. व्हाउचरवर 'बॅलार्ड पिअर' आणि फाटकाचे नाव मराठीत ठळक छापून द्या, म्हणजे पाहुण्याने ते ड्रायव्हरला नुसते दाखवले तरी काम भागते.

आता त्या एका दिवसात दाखवायचे काय? इथे आपला हात नेहमी सैल सुटतो. एलिफंटा, जुहू, सिद्धिविनायक, सी-लिंक असे सगळे एका दुपारीत कोंबले की पाहुणा दुसऱ्या दिवशी जहाजावर चढतो तो थकलेला, आणि पहिली संध्याकाळ केबिनमध्ये झोपून काढतो. या मुक्कामाला चालण्याजोगा टापू पुरतो, आणि बंदराभोवतीचा टापू तर मुंबईतला सर्वांत देखणा आहे. जॉर्ज विटेट या वास्तुकाराचे बोट धरले तरी दिवस भरतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्याचे, १९२४ मध्ये पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया त्याचे, आणि ज्या बॅलार्ड इस्टेटमधून पाहुणे धक्क्याकडे जाणार तिची आखणीही त्याचीच. दुपारी संग्रहालय, संध्याकाळी गेटवेचा वारा किंवा मरीन ड्राइव्हचा कट्टा, रात्री दहाला झोप, एवढे पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर हॉर्निमन सर्कल आणि १८३३ सालच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांपर्यंत एक फेरी. वाटेत सांगण्यासारखे एवढे आहे की नियोजकाने ते स्वतः वाचून ठेवावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागूनच असलेल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या घुमटाला विजापूरच्या गोलघुमटाचा नमुना आहे, हे सोलापूरकडच्या पाहुण्यांना सांगितले की त्यांचा चेहरा खुलतो.

एलिफंटा जहाजावर चढण्याच्या दिवशी कधीही ठेवू नका. गेटवेहून लाँचला एका बाजूला तासभर लागतो, वर शंभरावर पायऱ्या, परतीला रांग. लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. टेबलावर शहराचे असे छोटे पंचांग हवेच. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. जानेवारीत एका रविवारी मॅरेथॉन, तेव्हा पहाटेपासून स्टेशनसमोरचे रस्ते बंद. अनंत चतुर्दशीला गिरगाव-चौपाटीकडचा रस्ता विसरायचा. हे सगळे आधी ठाऊक असते, तरी आपण जहाजाची तारीख घेताना ते उघडून पाहत नाही.

मुक्कामाच्या संध्याकाळी पंधरा मिनिटे एका कामासाठी राखून ठेवा. ते काम म्हणजे बॅगा पुन्हा लावणे. टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनपाशी त्या काही तासांनी पोहोचतात. दरम्यान रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत अडकली तर जेवणाची वेळ टळते आणि गोळीचीही. ओळखपत्रे, औषधे, चष्मा, चार्जर, मुलांचे एक जोड कपडे हे सारे हातातल्या पिशवीत. इस्त्री आणि इलेक्ट्रिक किटली बहुतेक जहाजांवर चालत नाही, घरी शिजवलेले पदार्थही अडवले जातात. लाडवांचा डबा फाटकावर टाकून द्यावा लागला तर आईचा जीव हळहळतो. तो आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत सगळ्यांनी मिळून संपवला तर त्याची आठवण राहते. लक्षद्वीपची फेरी असेल तर प्रवेश परवान्याची कागदपत्रेही याच वेळी पुन्हा तपासा.

परदेशी बंदरांना आदल्या रात्रीचा हा नियम जास्तच कडक लागू होतो, कारण तिथे शहराचे नाव आणि बंदराची जागा यांत मोठे अंतर असते. 'रोम'ची जहाजे चिविताव्हेकियाहून सुटतात, जे रोमपासून सत्तर किलोमीटरहून दूर आहे. 'लंडन'चे जहाज बहुधा साउदॅम्प्टनला असते, म्हणजे लंडनपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या मधल्या कालव्यात बंदी आहे. त्यामुळे 'व्हेनिस' म्हणून विकलेली फेरी त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहूनही निघू शकते. सिंगापुरात मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन टर्मिनल्स आहेत. फेरी शेंगेन देशांतून निघून तुर्कस्तानला जाऊन परत येणार असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. या सर्व ठिकाणी आदली रात्र हवी, आणि ती बंदराच्या गावी काढायची की शहरात, हे नकाशा उघडून ठरवायला हवे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. ग्राहक म्हणतो, एक रात्र वाचवू. अशा वेळी त्याला दोन आकडे शेजारीशेजारी लिहून द्या. एका रात्रीचा खर्च आणि जहाज चुकल्यास बुडणारी पूर्ण रक्कम. विम्याच्या भरवशावर राहणाऱ्याला पॉलिसीतली जहाज चुकल्याबद्दलची अट वाचून दाखवा. पुरेसा वेळ राखून निघाला नसाल तर दावा फेटाळला जाऊ शकतो. आणि आपल्या बाजूनेही एक करा. आदली रात्र 'ऐच्छिक' म्हणून तळाशी छापू नका. तळाशी छापलेले ग्राहक कापतो, मग आपणही गप्प बसतो.

त्या दिवशी फाटकाबाहेरच्या कुटुंबाला आम्ही रात्रीच्या गाडीची तिकिटे मिळवून दिली. जहाज ठरल्या वेळेला सुटले. येत्या मोसमात तुमच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक क्रूझच्या कार्यक्रमाची पहिली ओळ बदला, एवढीच विनंती आहे. तिथे लिहा : 'दिवस पहिला : बंदराच्या शहरात मुक्काम.' जहाज दिवस दुसरा.