दिवे घाट आणि आमची पद्मिनी

गेल्या मार्गशीर्षांत येरवड्याहून सासवडास जातांना दिवे घाटांत आमची जुनी प्रीमियर पद्मिनी पहिल्या गियरवरही धापा टाकूं लागली, आणि मागील बाकावरील मंडळींस उतरून चालावें लागलें. तेव्हांपासून नातवाचा एकच ध्यास: १०८९ घन सेंटिमीटरांचें इंजिन काढून त्या जागीं ११८ एन. ई. चें ११७१ चें बसवावें.

"आजोबा, मग उतारावर ती थांबणार कशानें?" असें धाकट्या सूनबाईंनीं विचारलें. प्रश्न मार्मिक होता. गाडीच्या चारही चाकांस ड्रम-ब्रेक. लांब उतारावर ते तापले कीं पकड सोडतात. शिवाय नोंदणीपुस्तकांतील मूळ वर्णनाशीं विसंगत असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें वर्ज्य आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तेंच दृढ केलें.

वैद्य आधीं नाडी पाहतो. आम्हीं मिस्त्रीकडून इंजिनाचा दाब मोजविला. तीन सिलिंडरांत तो ठीक, चौथ्यांत निम्मा. थोडें तेल आंत सोडूनही दाब वाढेना. म्हणजे दोष रिंगांचा नसून व्हॉल्व्हचा. ठिणगीही उशिरानें पडत होती, आणि कार्ब्युरेटरांत वर्षानुवर्षांचा गाळ! व्हॉल्व्ह घासून बसविले, ठिणगीची वेळ जुळविली, ब्रेकचे लायनर नवे घातले.

परवां जेजुरीस जातांना पांच माणसांसह दुसऱ्या गियरवर घाट चढलों. नातू मात्र अद्याप ११८ च्या इंजिनाची किंमत विचारीत असतो.