पेट्रोलला निरोप देण्याची घाई

पेट्रोलच्या इंजिनाचे दिवस भरले, असे सांगणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत इतकी वाढली आहे की, तसे न म्हणणारा माणूस मागासलेला ठरावा. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले, तेव्हा २०२५ पर्यंत नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांपैकी दहा टक्के वाहने विजेची असावीत, असे उद्दिष्ट ठेवले होते. पुढे एप्रिल २०२५ मध्ये नव्या धोरणास मान्यता मिळाली आणि २०३० साठी हा आकडा तीस टक्क्यांवर नेण्यात आला. उद्दिष्ट वाढविण्यास खर्च येत नाही. देशात २०२४-२५ या वर्षात विकल्या गेलेल्या मोटारींमध्ये विजेच्या मोटारी मात्र शंभरात तीनही नव्हत्या.

चिखली, कुदळवाडी, तळवडे, भोसरी या पट्ट्यात हा विषय हौशी चर्चेचा नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-चार लेथ किंवा एखादे सी.एन.सी. यंत्र मांडून मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो उद्योजक येथे आहेत. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर, क्लच, सायलेन्सर ही त्यांच्या घरची भाकरी आहे. विजेच्या वाहनात यांतील बहुतेक भाग लागतच नाहीत. जे लागते, त्यातला सर्वांत महागडा भाग म्हणजे बॅटरी, आणि तिच्यातील सेल अद्यापि मुख्यतः परदेशांतून, त्यातही चीनमधून येतात. तेव्हा पेट्रोलचे वाहन खरोखरच जाणार आहे काय, आणि जाणार असल्यास कधी, हे या माणसाला कोणीतरी नीट सांगावयास हवे. त्याच्या कानावर आज पडतात त्या केवळ घोषणा.

घोषणा बाजूला ठेवून मोठे कारखानदार प्रत्यक्षात काय करीत आहेत ते पाहावे. १९७२ साली रस्त्यावर आलेली चेतक स्कूटर आकुर्डीच्या बजाज ऑटोने पुढे बंद केली आणि २०२० मध्ये त्याच नावाने विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आणली. या गोष्टीचे सर्वत्र कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु त्याच कंपनीने जुलै २०२४ मध्ये पुण्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत सी.एन.जी.वर चालणारी मोटारसायकल सादर केली, याचा अर्थ फारसा कोणी लावला नाही. विजेनेच सारे पेट्रोल गिळावयाचे असते, तर इतका व्यवहारी कारखानदार इंजिनाच्या नव्या प्रकारात पैसा कशाला घालता? ज्याला बाजार कळतो त्याने दोन्ही दरडींवर पाय ठेवले आहेत.

या सावधपणाला कारणे आहेत. केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये विजेच्या दुचाकींवरील अनुदान कमी करताच, मे महिन्यात एक लाखावर गेलेली विक्री जूनमध्ये निम्म्याखाली आली. ग्राहक ओढला गेला होता तो बव्हंशी अनुदानाने. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यानंतर आकुर्डीत चेतकचे उत्पादन आखडते घ्यावे लागले. अरबी तेलाच्या परावलंबनातून सुटण्यासाठी चिनी चुंबकाच्या परावलंबनात जाणे, याला स्वावलंबन म्हणण्याचे धाडस आमच्याने होत नाही.

विजेचेही तसेच. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर तयार होते. शहराच्या हवेला विजेच्या वाहनाचा लाभ होतो, तो नाकारण्याचे कारण नाही. पण धुराचा मोठा वाटा चंद्रपूर-कोराडीकडे सरकतो, एवढे तरी मान्य करावे. आणि वीज येथे किती भरवशाची? २००६ मध्ये पुणे-पिंपरी परिसराचे भारनियमन टाळण्यासाठी कारखान्यांची स्वतःची डिझेल जनित्रे चालवावी लागली होती. ते दिवस सरले; तरी गुरुवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा वार आणि त्याच दिवशी देखभालीसाठी वीज बंद, हा क्रम येथील रहिवाशांना पाठ आहे. चिखलीच्या घरकुल प्रकल्पात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कामगाराची दुचाकी खाली उभी असते आणि त्याचा वीजमीटर त्याच्या नावाचा. तिला वीज द्यावयाची कोणत्या मीटरवरून, यावर सोसायटीच्या सभेत रात्री अकरापर्यंत भांडण होऊ शकते. बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडी लावणाऱ्याने हे धोरण आखले असावे, असा संशय येतो.

नॉर्वेचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे २०२४ मध्ये विकलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ नव्वद टक्के विजेच्या होत्या, हे खरे. पण तो देश जवळजवळ सगळी वीज पाण्यावर करतो, आणि पेट्रोलच्या मोटारींवर त्याने वर्षानुवर्षे जबर कर लावला.

विजेचे वाहन जेथे शोभते तेथे ते शोभतेच. पी.एम.पी.एम.एल.च्या विजेच्या बसगाड्या फेब्रुवारी २०१९ पासून निगडीच्या आगारातून धावतात. मार्ग ठरलेला, आगार ठरलेले, रात्री भरून सकाळी बाहेर. मालवाहू तीनचाकीचे गणितही जमते. पण चिखलीहून साताऱ्याला किंवा बार्शीला गावी निघालेल्या कुटुंबाचे गणित निराळे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने कुदळवाडी-चिखली भागातील हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. भंगाराच्या गोदामांबरोबर अनेक लहान कारखान्यांच्या शेडही गेल्या. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेत येथे शिरत नाही. ज्या भंगारवाल्यांकडून उद्या निकामी बॅटऱ्या सुरक्षितपणे सोडवून घ्यावयाच्या, त्यांना जागा कोठे मिळणार, हे मात्र विचारलेच पाहिजे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण जुने लोखंड-तांबे ओळखणारे हात या गल्ल्यांतच आहेत.

या उद्योजकांपैकी जो आज नव्या जागेत यंत्र मांडू पाहतो, त्याला बँकेचे कर्ज पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी फेडावयाचे आहे. तोवर गिअर आणि व्हॉल्व्ह यांना मागणी राहील की नाही? पिंपरी, आकुर्डी आणि चाकण येथील मोठ्या कारखान्यांनी, कोणत्या सुट्या भागाची मागणी किती वर्षे राहील याचा आपला अंदाज पुरवठादारांना लेखी द्यावा, आणि कर्ज मंजूर करताना बँकेने तो कागद मागावा. उद्योगमंत्र्यांनी पुढचे उद्दिष्ट जाहीर करण्यापूर्वी ही एक बैठक चिखलीत घ्यावी. मात्र ती गुरुवारी ठेवू नये, त्या दिवशी वीज नसते.