सिंगापूरची युद्धघोषणा आणि साताऱ्याचे प्रतिसरकार

१९४३ साली ब्रिटिश सत्तेला आव्हान देत भारतीयांची दोन सरकारे उभी होती. एक सिंगापुरात, दुसरे साताऱ्यात. नेताजींनी २१ ऑक्टोबर रोजी आझाद हिंद सरकार स्थापन केले आणि लगोलग ब्रिटन व अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने मात्र जगातील कोणत्याही राष्ट्राला युद्धाची सूचना धाडली नाही. त्याने गावोगावी न्यायनिवाडे केले, सावकारांना व गुंडांना जरब बसवली, शेणोलीजवळ आगगाडी अडवली आणि १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळ्याचा सरकारी खजिना हस्तगत केला. कुंडलची तुफान सेना ही त्याची फौज. (कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते, याचाही लाभ झालाच.)

घोषणा ही केवळ औपचारिकता होती काय? १९०७ च्या तिसऱ्या हेग कराराने पूर्वसूचनेविना युद्ध आरंभू नये, असे बंधन राष्ट्रांवर घातले होते. घोषणा होताच दोन राष्ट्रांमधील शांततेचा कायदा थांबतो आणि युद्धाचा कायदा सुरू होतो. रणांगणावर शत्रूला मारणारा खुनी ठरत नाही, पकडला गेलेला युद्धकैदी ठरतो, तटस्थ राष्ट्रांवर कर्तव्ये येतात. म्हणूनच युद्ध पुकारण्याचा अधिकार हे सार्वभौमत्वाचे लक्षण मानले गेले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय प्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. ज्या साताऱ्यातील अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्या साताऱ्यालाही कोणी विचारले नाही.

लाल किल्ल्यातील खटल्यात भुलाभाई देसाई यांनी नेमके हेच सूत्र हाती घेतले. आझाद हिंद सरकारला जपान-जर्मनीसह नऊ राष्ट्रांची मान्यता होती व त्याने रीतसर युद्ध पुकारले होते. तेव्हा त्याच्या सैनिकांना भारतीय दंडविधानाचे कलम १२१, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्धाचा गुन्हा, लागूच होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. लष्करी न्यायालयाने तो मानला नाही. शाहनवाज, सहगल व धिल्लन यांना जन्मठेप झाली. पण देशातील प्रक्षोभ पाहून सरसेनापती ऑकिनलेक यांना ३ जानेवारी १९४६ रोजी ती माफ करावी लागली. न्यायालयात हरलेला युक्तिवाद देशाने जिंकला.

साताऱ्याच्या वीरांना तेवढेही व्यासपीठ मिळाले नाही. मान्यता नाही, घोषणा नाही; त्यामुळे कायद्याच्या दप्तरी ते दरोडेखोर आणि फरारी. नाना पाटील पुढे कम्युनिस्ट झाले. त्याने त्यांच्या १९४३ च्या कार्याचे मोल तसूभरही उणावत नाही.

महायुद्धानंतर कायदा बदलला. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी घोषणा नसली तरी सशस्त्र संघर्षात संरक्षण लागू केले. १९६२ आणि १९९९ मध्ये भारताची युद्धे घोषणेविनाच झाली. १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलने तर वसाहतवादी सत्तेविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यालाही आंतरराष्ट्रीय संघर्षाचा दर्जा दिला. तो चौतीस वर्षे आधी असता, तर तुफान सेनेची बाजू मांडायला एखाद्या भुलाभाईंना आधार सापडला असता.

भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, आणि ते योग्यच आहे. निरपराधांवर बेछूट गोळ्या झाडणाऱ्या कोणत्याही टोळीने उद्या स्वतःला स्वातंत्र्ययोद्धे म्हणवून तोच दर्जा मागितला असता. प्रतिसरकारामागे जनता होती, न्यायदान होते. शेजारी देशातून धाडलेल्या मारेकऱ्यांमागे काय होते? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाबला जिवंत पकडताना तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. ते सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. कसाबवर भारताविरुद्ध युद्ध केल्याचा, त्याच कलम १२१ खालीलही, गुन्हा सिद्ध झाला. परकीयालाही हे कलम लागू होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी दिला. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम १४७ म्हणून आले आहे.