वाघ्याची पिशवी

“आधी माणसांचं बघा, मग कुत्र्यामांजरांचं!” असे म्हणणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि वरवर पाहता त्यांचे काही चुकते असेही नाही. आग लागली, पूर आला, वीज गेली, की आपण आधी पोराबाळांना उचलतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देतो. जनावराची आठवण त्यानंतर. पण ज्या घरात जनावर घरच्यासारखे वाढलेले असते, त्या घरातल्या माणसाला हा हिशेब इतका सरळ मांडता येत नाही. जनावराला सोडून तो हलत नाही, आणि तो हलत नाही म्हणून त्याच्याही जिवावर बेतते. तेव्हा जनावराची सोय आधी करून ठेवणे ही माणसाचीच काळजी घेणे आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हे मत झाले ते अमेरिकेतल्या फिनिक्स शहरी. माझी थोरली मुलगी तिथे राहते. तिच्या घरी जावईबापू, नात, वाघ्या नावाचा दांडगा कुत्रा आणि मनी नावाची तितकीच शिष्ट मांजर असा परिवार आहे. कुत्रा अमेरिकन असला तरी ‘बस’, ‘ऊठ’ आणि ‘नको’ हे तीन शब्द त्याला मराठीतूनच कळतात, याचा मला फार अभिमान वाटतो.

फिनिक्स म्हणजे सोनोरन वाळवंटात वसलेले सोळा लाखांवर वस्तीचे शहर. रस्ते रुंद, घरे बसकी, अंगणात हिरवळीऐवजी खडी आणि निवडुंग. २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे ओळीने ३१ दिवस तिथला पारा ४३ अंशांच्या वर चढत होता. नागपूर-चंद्रपूरचे वाचक म्हणतील, “४३ अंशांचं आम्हांला काय कौतुक सांगता?” खरे आहे. पण त्या महिन्यात तिथे रात्रीदेखील कित्येकदा पारा ३२ च्या खाली उतरला नाही. शिवाय आपल्याकडच्या जुन्या घरांना जाड भिंती असतात, वाळ्याचे पडदे असतात, गच्चीवर जाऊन पडता येते. तिथले घर म्हणजे एक बंद डबा. तो गार राहतो तो केवळ वातानुकूलन यंत्राच्या जोरावर. यंत्र बंद पडले की तोच डबा भट्टी होतो. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत मोडते, तिथे २०२३ साली उष्णतेने ६४५ माणसे दगावली. ऐन उष्णतेच्या लाटेत शहरभर वीज गेली तर निम्म्याच्या आसपास लोकांना तातडीच्या वैद्यकीय उपचारांची गरज पडेल, असा अंदाज त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे.

ही झाली माणसांची कथा. कुत्र्याला तर आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचे पाणी उडून जाते आणि त्याबरोबर अंगातली उष्णता बाहेर पडते. एवढाच त्याचा पंखा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा हा पंखाही अर्धाच चालतो. कुत्र्याचे शरीर एरवी ३८ ते ३९ अंशांवर असते. ते ४१ च्या पुढे गेले की जिवाला धोका. मांजर सहसा धापा टाकत नाही, म्हणून तिने तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली की समजावे, प्रकरण गंभीर आहे. सशाला तर तिशीच्या पुढचा पारा सोसत नाही.

बरे, घर तापले म्हणून बाहेर पडावे, तर बाहेर डांबरी रस्ता! फिनिक्सच्या उन्हात डांबर ७० अंशांच्या पुढे तापते. पडलेल्या माणसांना तेथे भाजून घ्यावे लागते, मग अनवाणी जनावराचे काय? मुलीने मला शिकवलेली रीत अशी, की हाताची पालथी बाजू रस्त्यावर ठेवून सात आकडे मोजायचे. हात टेकवत नसेल तर कुत्र्याला त्या रस्त्यावर न्यायचे नाही. शहराच्या डोंगरवाटांवर तर पारा ३८ च्या घरात गेला की कुत्रा नेण्यासच मनाई आहे. आणि उभी मोटार? बाहेर सुखद हवा असली तरी बंद मोटारीतला पारा तासाभरात वीस-बावीस अंशांनी चढू शकतो, आणि त्यातला बराचसा चढ पहिल्या अर्ध्या तासातच होतो. २०१७ सालापासून ॲरिझोनात असा कायदा आहे, की कुलूपबंद मोटारीत मूल किंवा पाळीव जनावर प्राणसंकटात दिसले, आणि पोलिसांना कळवून व बाकीचे नियम पाळून कोणी काच फोडली, तर त्याच्यावर भरपाईचा दावा चालत नाही.

आता त्या रात्रीची गोष्ट सांगते. जुलैचा महिना होता. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिथे वळवासारखी वादळे होतात. त्यांनाही ते लोक ‘मॉन्सून’च म्हणतात. संध्याकाळी क्षितिजावर धुळीची भिंत उभी राहिली, वारा सुटला, आणि सातच्या सुमारास आमच्या गल्लीतली वीज गेली. बाहेर अजून चाळीस अंश होतेच. तासाभरात घर कोंदटले. मुलगी म्हणाली, “आई, आपण निघू या. पण आधी शेजारच्या आजींना बघून येते.”

शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या. नवरा वारलेला, मुले दूर. सोबतीला एक म्हातारा पग. मी मुलीबरोबर गेले. बाई अंधारात पाय पसरून बसल्या होत्या आणि कुत्र्याला पुठ्ठ्याने वारा घालीत होत्या. स्वतःचा चेहरा लाल झालेला, पण वारा कुत्र्याला. मुलीने सांगितले, चला. त्या म्हणाल्या, जवळच्या थंडाव्याच्या केंद्रात कुत्रा घेत नाहीत, तेव्हा मी इथेच बरी. मुलीने पुन्हा विनवले. बाईंनी मान हलवली. रागाने नव्हे, अगदी शांतपणे. ‘याला टाकून मी जायची नाही’ हे वाक्य समजायला मला इंग्रजीची गरज पडली नाही.

मंडळी, वादविवादाने हा पेच सुटला नसता. तो सुटला मुलीच्या स्वयंपाकघरातल्या एका कागदामुळे. कपाटाच्या दाराला आतून तिने एक यादी चिकटवली होती: कुत्रामांजर घेऊन उतरू देणारी दोन प्रवासगृहे, रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी एक मैत्रीण, जिच्याशी आधीच ठरले होते की ‘आमची वीज गेली तर आम्ही जनावरांसकट तुझ्याकडे, तुझी गेली तर तू आमच्याकडे.’ फोन लागला. तिकडे दिवे होते. “आजींना नि त्यांच्या कुत्र्यालाही आणा,” असे उत्तर आले. मुलीने ते सांगताच बाई उठल्या आणि आपली औषधांची डबी शोधू लागल्या.

निघताना आणखी एक अडचण. गॅरेजचे दार विजेवर चालणारे! वीज नाही, म्हणजे मोटार आत कोंडलेली. पण त्या दाराच्या यंत्राला एक लाल मुठीची दोरी लोंबत असते. ती ओढली की दार यंत्रापासून सुटते आणि हाताने उचलता येते. जावईबापूंनी ती सराईतपणे ओढली, कारण मे महिन्यात सगळ्यांनी ती एकदा ओढून पाहिली होती. आधी मोटार गार केली, मग मनीची पेटी, मग वाघ्या, मग बाई आणि त्यांच्या मांडीवर पग. पगची धाप लागलेली पाहून मुलीने बाटलीतले पाणी त्याच्या पोटावर व पंजांवर ओतले आणि हवेचा झोत त्याच्याकडे वळवला. नऊ वाजता आम्ही मैत्रिणीच्या घरी पोचलो. वीज परत आली ती पहाटे. तोवर आमच्या घरात भिंतींना हात लावू नये इतकी धग साठली होती. ऐंशी वर्षांच्या बाईंनी ती रात्र तिथे काढली असती तर काय झाले असते, ते लिहवत नाही.

बाईंचा हट्ट जगावेगळा नव्हता. २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा निवाऱ्यांत जनावरे घेत नाहीत म्हणून कित्येक लोक पाण्यातच मागे राहिले. बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून त्याचा स्नोबॉल नावाचा कुत्रा काढून घेतला गेला, ती बातमी देशभर गाजली. पुढच्याच वर्षी, २००६ साली, अमेरिकेत कायदा झाला, की संकटकाळच्या सरकारी योजनांत पाळीव जनावरांसह येणाऱ्या माणसांचा विचार असलाच पाहिजे. आणि इतक्या लांब कशाला जायचे? २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा गोठ्यातली गाय-म्हैस सोडून नावेत बसायला शेतकरी कुठे तयार होते?

आता कामाचे बोलते. मुलीच्या दाराशी खुंटीवर वाघ्याची पिशवी टांगलेली असते. तीत काय काय आहे ते लिहून घ्या: निदान तीन दिवसांचे, जमल्यास आठवड्याचे खाणे, पाणी आणि घडीचे भांडे, जादा पट्टा नि साखळी, नेहमीची औषधे, रेबीजच्या लसीचा दाखला, आणि घरच्या माणसासोबत काढलेला जनावराचा फोटो. जनावर हरवून सापडले तर ‘हे आमचेच’ असे सांगायला तो फोटो उपयोगी पडतो. पाण्याचे मोजमाप म्हणाल, तर वीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर लागते, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. ही पिशवी मोटारीत ठेवू नये. तिथल्या उष्णतेने औषधे वाया जातात.

मनीची पेटी बाराही महिने उघडी ठेवलेली असते आणि ती तीतच झोपते. ऐनवेळी नवी पेटी दाखवली की मांजर पलंगाखाली जाऊन बसते, आणि मग तिला काढता काढता अर्धा तास जातो. दोघांच्याही कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप आहे. तिच्यातला क्रमांक वाचला की मालकाचा पत्ता लागतो. मात्र घर किंवा फोन बदलला की तो तिथे नोंदवायला हवा. नाहीतर चिप असून नसल्यासारखी.

उन्हाचा झटका आलाच, तर जनावर सावलीत आणावे, अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच डॉक्टरांकडे न्यावे. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नये, त्याने उलट उष्णता आत कोंडते. आणि एक खास वाळवंटातली सूचना: अंगणातल्या रबरी नळीचे पहिले पाणी जनावरावर कधी सोडू नये. उन्हात पडलेल्या नळीतले पाणी कातडी भाजेल इतके तापलेले असते. आधी ते जमिनीवर वाहू द्यावे, आपल्या हाताला गार लागले की मग वापरावे.

शेवटी दिवाळीविषयी. अमेरिकेत ४ जुलैला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी असते आणि त्या रात्री घाबरून पळालेल्या कुत्र्यांनी तिथले निवारे भरतात. फिनिक्समध्ये तो ऐन उन्हाळा, म्हणजे पळालेल्या कुत्र्यावर दुहेरी संकट. आपल्याकडे ऊन नसले तरी ॲटमबॉम्ब आहेत. तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुत्र्याला दिवसाउजेडीच फिरवून आणा, खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवा, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर आहे ना, ते पाहा. आणि आपल्या इमारतीत कोणी एकटी वृद्ध बाई किंवा गृहस्थ कुत्रामांजर पाळून असतील, तर फराळाचे ताट घेऊन जाल तेव्हा सहज विचारून ठेवा: “काही झालं तर तुम्ही दोघं आमच्याकडे याल ना?” त्यात ‘दोघं’ हा शब्द मात्र विसरू नका.