उचलून नेणे नको, उतार हवा

उन्हाळ्याची सुटी लागली किंवा दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांत सहलीचे बेत सुरू होतात. गाव ठरते, गाडीची तिकिटे निघतात. खोलीचे भाडे किती, जेवणाची सोय कशी, समुद्र किती लांब, एवढी चौकशी केली की काम भागते. ज्या कुटुंबातील एखादा माणूस चाकाच्या खुर्चीवर वावरतो, त्या कुटुंबाची चौकशी मात्र निराळी असते. दारात पायऱ्या किती? लिफ्ट आहे म्हणता, पण लिफ्टपर्यंत पोचायलाच चार पायऱ्या चढाव्या लागतात काय? न्हाणीघराचे दार किती रुंद आहे? त्याला उंबरठा आहे काय? कमोडशेजारी धरायला दांडी आहे काय? या प्रश्नांना क्वचित एखाद्या ठिकाणी नीट उत्तर मिळते. बाकी सर्वत्र उत्तर ठरलेले आहे : "काळजी करू नका, आमची मुले उचलून नेतील."

हे उत्तर देणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. आपण मोठी माणुसकी दाखवीत आहोत, असेच त्याला वाटत असते. पण या एका वाक्यात अपंगांविषयीची समाजाची सारी दृष्टी सामावलेली आहे. अडचण अपंगाच्या शरीरात आहे, इमारतीत नाही, असे ते वाक्य गृहीत धरते. आणि म्हणूनच उपायही इमारतीवर न करता त्या शरीरावर करू पाहते.

उचलून नेणे म्हणजे नेमके काय? उचलल्या जाणाऱ्या माणसाला सकाळी केव्हा खाली यावे आणि रात्री केव्हा वर जावे, हे स्वतः ठरवता येत नाही. संध्याकाळी पाच मिनिटे अंगणात बसावेसे वाटले तरी दोन माणसांना हाक मारावी लागते. पुन्हा पुन्हा शौचाला जावे लागू नये म्हणून तो पाणी कमी पितो. स्त्री असेल तर परक्या पुरुषांच्या हातांनी उचलले जाण्याचा संकोच तिला प्रत्येक पायरीवर सोसावा लागतो. आणि तोल गेला तर उचलणारा व उचलला जाणारा असे दोघेही कोसळतात.

या व्यवहाराला दुसरीही एक बाजू आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. "आमची मुले" म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, ती कोण? खेड्यातून आलेली, तुटपुंज्या पगारावर राबणारी, बहुधा कसलीही नेमणूकपत्रे नसलेली ही वेटर आणि पोऱ्ये मंडळी. माणूस सुरक्षितपणे कसा उचलावा, याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नसते. पाठ दुखावली तर औषधाचा खर्च त्यांचा त्यांनीच करायचा असतो. मालकाने सिमेंट आणि वाळू यांवर जो खर्च एकदाच करायचा, तो तो टाळतो आणि त्याचा भार रोज नव्याने कामगाराच्या पाठीवर टाकतो. अपंगाची लाचारी आणि कामगाराचे फुकट श्रम या दोन खांबांवर हे औदार्य उभे असते. उतार बांधला की दोघेही एकाच वेळी मोकळे होतात. म्हणून हा केवळ अपंगांचा प्रश्न नाही, श्रमप्रतिष्ठेचाही आहे.

माथेरानचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मोटारींना बंदी असलेल्या त्या गावात ज्यांना चालता येत नाही, अशांना पिढ्यान् पिढ्या माणसांनी ओढलेल्या रिक्षांतून हॉटेलपर्यंत जावे लागे. एका माणसाची सहल दुसऱ्या माणसाच्या छातीच्या भात्यावर अवलंबून. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवली, ती सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे विजेच्या रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्यास सांगितले. रस्त्यावर जे तत्त्व मान्य झाले, ते हॉटेलच्या जिन्यावर का लागू होऊ नये?

उपाय काही गूढ नाही. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०२१ साली सुगम बांधकामाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार, ९० सेंटिमीटर रुंदीची दारे, आणि खुर्ची वळवता यावी म्हणून दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, अशी मापे दिलेली आहेत. साधी चाकाची खुर्ची सुमारे ६५ सेंटिमीटर रुंद असते. जुन्या लॉजमधील न्हाणीघराचे दार पुष्कळदा दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटरचे असते. पाच सेंटिमीटरांच्या या फरकापायी साऱ्या कुटुंबाची सहल अडते. मग पुष्कळ घरांत जे घडते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे : आजीला किंवा अपंग मुलाला घरी ठेवले जाते, आणि त्यांच्या सोबतीला घरातील एखादी स्त्री, आई, सून अथवा थोरली मुलगी, मागे राहते. बाकीच्यांच्या फोटोंत तिची जागा रिकामी असते, आणि कोणी तिची विचारपूसही करीत नाही.

यावर कोणी म्हणेल की रोजगार, शिक्षण, औषधोपचार हे अपंगांचे मोठे प्रश्न शिल्लक असताना सहलीची चैन कशाला? हा आक्षेप वरवर पुरोगामी वाटतो, पण तो कामगार चळवळीच्या इतिहासाशी विसंगत आहे. विश्रांती ही श्रीमंतांची मिरास नाही, हे चळवळीने झगडून सिद्ध केले आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली लाखो कामगारांच्या संपानंतर लेआँ ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने दोन आठवड्यांच्या पगारी सुटीचा कायदा केला, आणि ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशी कामगार कुटुंबे प्रथमच किनाऱ्यावर पोचली. भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा दिली. त्याच वर्षीच्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या चोविसाव्या कलमात पगारी सुटी हा माणसाचा हक्क म्हणून नोंदला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या तिसाव्या कलमात करमणूक आणि पर्यटन यांच्या स्थळी अपंगांना प्रवेश मिळाला पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे. भारताने तो करार २००७ साली मान्य केला. हक्क म्हणून जे जिंकले, ते घरातल्या एकाला वगळून उपभोगायचे असेल, तर तो हक्क राहत नाही, सवलत होते.

कायद्याची वाण भारतातही नाही. १९९५ साली पहिला कायदा झाला. २०१६ चा कायदा त्याहून पुढे गेला. सार्वजनिक इमारतीच्या त्याच्या व्याख्येत केवळ सरकारी कचेऱ्या येत नाहीत. लोक जेथे व्यापारासाठी वा करमणुकीसाठी जातात अशा खाजगी इमारतीही येतात. सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देऊ नये, पूर्ण झालेल्या इमारतीला दाखला देऊ नये, आणि जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुधाराव्यात, असे तो कायदा सांगतो. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले. पाच वर्षे २०२२ मध्ये उलटली. पायऱ्या जागच्या जागी राहिल्या. पहिल्या उल्लंघनाला दंड आहे तो अधिकाधिक दहा हजार रुपये. ज्या हॉटेलात एका रात्रीचे भाडे याहून जास्त असते, त्याला या दंडाची भीती ती काय वाटणार?

२०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'विकलांग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' म्हणण्याची सूचना केली, आणि शासकीय फलक भराभर बदलले. त्याच महिन्यात सुगम्य भारत अभियानाचा गाजावाजा झाला. शब्द बदलला, उंबरठा मात्र बदलला नाही. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेच शासनाचे अपयश उघड केले. कायदा सक्ती सांगतो आणि त्याखालचा पंधरावा नियम केवळ शिफारशी करतो, ही विसंगती न्यायालयाने अमान्य केली आणि तीन महिन्यांत सक्तीची मानके निश्चित करण्यास सांगितले. कायद्याने दिलेले नियमाने काढून घेण्याची ही युक्ती कामगार कायद्यांच्या बाबतीत अनेकदा अनुभवाला आली आहे.

हॉटेलांची तारांकित वर्गवारी करताना केंद्रीय पर्यटन खाते अपंगांसाठी किमान एका खोलीची अट घालते. पण वर्गवारी घेणे ऐच्छिक आहे, आणि तारांकित हॉटेलात राहणारे किती? सामान्य मराठी कुटुंब उतरते ते कोकणातल्या घरगुती निवासात, तालुक्याच्या लॉजमध्ये, देवस्थानाच्या भक्तनिवासात. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा आहे त्यालाच रुंद दार मिळते, आणि गिरणीतून वा एस.टी.तून निवृत्त झालेल्या, पक्षाघाताने पाय गमावलेल्या माणसाला नाही. अपंगत्व सर्व वर्गांत येते. सोय मात्र वर्ग पाहून येते.

मालकांचे म्हणणे असे की अशी गिऱ्हाइके येतातच कुठे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांतील ५४ लाखांहून अधिक हालचालीच्या अपंगत्वाचे होते. त्यांच्याबरोबर त्यांची कुटुंबे धरावीत, गुडघ्यांनी जेर केलेले वृद्ध धरावेत. दारात पायऱ्या ठेवायच्या आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणायचे, हे विहिरीला कुलूप लावून गावाला तहान नाही म्हणण्यासारखे आहे.

खर्चाची सबबही तपासून पाहावी. नव्या बांधकामात दार रुंद ठेवणे आणि उंबरठा न बांधणे याला फारसा जादा पैसा लागत नाही. जुन्या लॉजच्या मालकाने तळमजल्यावरची एक खोली सुधारली तरी पुष्कळ साधेल. आणि दाराची रुंदी मोजून ती फलकावर लिहिण्यास तर काहीच खर्च येत नाही. या बाबतीत अमेरिकेचे नियम पाहण्याजोगे आहेत. २०१० साली केलेल्या आणि २०१२ पासून अंमलात आलेल्या त्या नियमांनुसार हॉटेलांनी सुगम खोल्यांची तपशीलवार माहिती आधीच द्यावी लागते. इतर खोल्या भरेपर्यंत त्या खोल्या राखून ठेवाव्या लागतात. आणि राखलेली खोली ऐनवेळी दुसऱ्याला देता येत नाही. मालक स्वतः राहत असलेली पाच खोल्यांपर्यंतची छोटी घरे त्या कायद्यातून वगळलेली आहेत. तेव्हा गरीब कोकणी घरमालकाच्या नावाने बड्या हॉटेलवाल्यांनी गळा काढण्याचे कारण नाही.

आणि तेथेही हे कोणाच्या दयेने घडले नाही. अपंगांच्या समान हक्कांचे नियम रखडवले म्हणून १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोत अपंग स्त्रीपुरुषांनी सरकारी कचेरी तीन आठवड्यांहून अधिक काळ व्यापून ठेवली. ज्यांच्या नावावरून महाराष्ट्रात १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी त्यांना गरम जेवण पोचवले. १९९० च्या मार्चमध्ये अनेकांनी आपल्या खुर्च्या खाली सोडून वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढून दाखवल्या. त्याच वर्षी जुलैत कायदा झाला. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी 'चाकाची खुर्ची' या आत्मकथेतून आणि आपल्या संस्थेच्या कामातून हीच गोष्ट शांतपणे सिद्ध केली : अपंगाला सहानुभूती नको असते, वाट हवी असते.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. १९७५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ हे जनतेच्या पैशावर उभे आहे. त्याच्या प्रत्येक निवासातील दारे, उतार आणि न्हाणीघरे यांची प्रत्यक्ष मोजलेली मापे जाहीर व्हावीत, आणि प्रत्येक निवासात खऱ्या अर्थाने सुगम असलेली, कुटुंबाला एकत्र राहता येईल अशी खोली असावी, ही मागणी पहिली. नवे हॉटेल वा भक्तनिवास बांधताना कायद्यातली परवानगीची अट नगरपालिकेने पाळली की नाही, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे, ही दुसरी गोष्ट. तिसरी सर्वांत सोपी आहे : प्रत्येक तालुक्यातील साथींनी एक मोजपट्टी घेऊन गावातील लॉज, विश्रामगृहे आणि धर्मशाळा पाहाव्यात आणि मापांची यादी प्रसिद्ध करावी. अशी एक खरी यादी शंभर कुटुंबांचे हेलपाटे वाचवील.

चौथी गोष्ट चळवळीच्या स्वतःच्या घरातली आहे. बँक, विमा आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या अनेक संघटनांची पर्यटनस्थळी विश्रामगृहे आहेत. सभासदांच्या वर्गणीतून चालणाऱ्या या घरांत सभासदाच्या अपंग मुलाला जाता येते काय? युनियनच्या कचेऱ्या आणि सभागृहे पुष्कळदा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या चाळीत असतात. मालकांकडे मागणी करण्यापूर्वी या जिन्यांचा हिशेब झाला पाहिजे. तो झाला तर मागणीला नैतिक बळ येईल, आणि उतार कसा बांधतात याचा अनुभवही पदरी पडेल.

समतेची भाषणे उंच व्यासपीठांवरून पुष्कळ झाली. त्या व्यासपीठावर चाकाची खुर्ची चढू शकते काय, एवढा साधा प्रश्न यापुढे प्रत्येक सभेत विचारला गेला, तरी बरेच काही बदलू लागेल.